‘एकदम मधे आला!’

चौकात टू-व्हीलर आडवी झाली, माणसं जमली, की कारवाल्याच्या तोंडून निघणारं वाक्य ठरलेलं असतं. “अहो, एकदम मधे आला. दिसलाच नाही मला.” बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. हात थरथरत असतात, घसा कोरडा पडलेला असतो, आणि त्याला खरोखरच समोरचा दिसलेला नसतो. मग बंपर, विमा, पोलीस अशी चर्चा सुरू होते आणि त्या ‘एकदम’ला कुणी काही विचारत नाही.

विचारायला हवं. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटरसायकल एका सेकंदात चौदा मीटर अंतर कापते. म्हणजे धडकेच्या तीन सेकंद आधी ती चाळीसेक मीटरवर होती, आणि अपघात दिवसाचा असेल तर चांगल्या लख्ख उजेडात होती. ते तीन सेकंद ती नेमकी कुठे होती? याची उत्तरं ठोस आहेत, सेंटिमीटरांत आणि सेकंदांत मोजता येतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकावर कार चालवणाऱ्याच्या हातात काही ना काही उपाय आहे.

हेल्मेट दुचाकीवाल्याने घालायचं, वेग त्याने आवरायचा, उलट्या दिशेने त्याने यायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच बोलतात. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातली ४४.५ टक्के, म्हणजे जवळपास पाऊण लाख, दुचाकीवरची होती. ती सगळीच काही कारखाली गेली नाहीत. तरी टनभर पत्र्याच्या आत पट्टा लावून बसलेल्या माणसाने आपल्या बाजूने काय काय करावं, हे आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. तिथे क्लच-गिअर, चढावर गाडी उचलणं आणि रिव्हर्स एवढ्यावर काम भागतं.

सुरुवात समोरच्या काचेच्या कडेच्या खांबापासून करतो, कारण ‘एकदम’चा मोठा वाटा त्या खांबामागे दडलेला आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्यापासून जेमतेम सत्तर सेंटिमीटरवर येतो. जुन्या गाड्यांत हे खांब बारीक होते. आता ते जाड असतात, कारण गाडी उलटली तर छताचं ओझं त्यांनीच तोलायचं असतं. आतल्या माणसाला जे वाचवतं, तेच बाहेरच्याला झाकतं. प्लास्टिकच्या आवरणासकट त्याची डोळ्यासमोरची रुंदी बारा सेंटिमीटर धरा. दोन्ही डोळे उघडे असतानाही तो वीस मीटरवर साधारण दीड मीटरचा पट्टा झाकतो, आणि चाळीस मीटरवर तीन मीटरहून जास्त. स्कूटरची लांबी पावणेदोन-दोन मीटर. अख्खी स्कूटर, चालवणारा, मागे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरची पिशवी, सगळं त्यात मावतं. कार मात्र क्वचितच पुरी झाकली जाते. तिचं बोनेट किंवा डिकी कुठून तरी डोकावतेच.

आता खरी गोम. दोन वाहनं एकमेकांवर आदळायच्या मार्गावर असतील आणि दोघांचे वेग कायम असतील, तर एकाला दुसरं वाहन कायम त्याच कोनात दिसत राहतं. ते काचेवर डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. समजा तुम्ही ताशी ४० ने चौकाकडे निघालात आणि उजव्या रस्त्याने एक स्कूटर ताशी २५ ने येते आहे. हा कोन येतो साधारण बत्तीस अंशांचा, आणि बऱ्याच गाड्यांत उजवा खांब नेमका तिथेच असतो. स्कूटर चाळीस मीटरवर असताना खांबामागे, तीसवर खांबामागे. तिचं पुढचं चाक खांबाबाहेर डोकावेल तोवर धडकेला पुरते दोन सेकंदसुद्धा उरलेले नसतात, आणि त्यातला सेकंद-दीड सेकंद पाय ब्रेकवर पोचण्यात जातो. माणूस तळमळून सांगतो, एकदम मधे आला. त्याच्या डोळ्यांपुरतं ते खरंच असतं.

उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. चौक, गोल चक्कर किंवा गल्लीचं तोंड आलं, की पाठ सीटपासून सुटेल एवढं पुढे वाका आणि डोकं हातभर डावी-उजवीकडे हलवा. नुसती मान वळवून उपयोग नाही, डोळ्यांची जागा बदलली पाहिजे. जुने एसटी ड्रायव्हर वळणावर स्टिअरिंगवर ओणवे होऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहताना दिसतात, तेच करायचं. दुसरं, चौकाच्या आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचला. तुमचा वेग बदलला की कोन बदलतो, आणि खांबाआडचा माणूस आपोआप बाहेर सरकतो. म्हणजे चौकात वेग कमी केल्याने ब्रेक लवकर लागतो, एवढाच फायदा नाही. त्याने दिसतंही जास्त. आणि त्या उजव्या कोपऱ्यात मोबाइलचा स्टँड लावू नका, आरशाला काही लोंबकळत ठेवू नका. देवाची मूर्ती डॅशबोर्डच्या मध्यावर, खाली बसवा. आधीच झाकलेल्या काचेत आणखी भर कशाला.

खांबानंतर डोळा. आपली नजर एखाद्या कॅमेऱ्यासारखी सरकत जात नाही, ती उड्या मारते, आणि उडी चालू असताना मेंदू मधलं चित्र गाळून टाकतो. खात्री करायची असेल तर घरातल्या आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ते स्पष्ट दिसतील. गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना उजवीकडे-डावीकडे गर्रकन मान फिरवली, की अशा दोन-तीन मोठ्या उड्या होतात आणि मधल्या फटीत एक मोटरसायकल सहज हरवते. बस हरवत नाही, कारण ती एवढी मोठी असते की कुठल्या ना कुठल्या टप्प्यात सापडतेच. म्हणून नजर टेकवत न्यायची: आधी लांब, मग मधे, मग जवळ. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबायचं, आणि निघण्याआधी पुन्हा एकदा उजवीकडे. एवढ्याला तीन सेकंद जास्तीचे लागतात. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

समजा दिसली. तरी गल्लत होते, कारण लहान वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि तिचा वेग कमी वाटतो. कार जवळ येते तसे तिचे दोन दिवे एकमेकांपासून फाकत जातात, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. दुचाकीचा दिवा एकच, तो फाकणार कुठे? अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. ज्या अपघातांत दुसरं वाहन होतं, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे समोरून येणाऱ्या मोटरसायकलच्या आडवं जात डावीकडे वळणं. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. आपल्याकडे हेच वळण उजवं होतं. डिव्हायडरच्या तुटलेल्या जागेतून पेट्रोल पंपाकडे, हॉटेलाकडे किंवा यू-टर्नसाठी नाक घालणारी कार आठवा.

तिथला हिशेब असा. उभ्या गाडीतून निघून समोरची लेन पूर्ण ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. ताशी ६० ने येणारी मोटरसायकल तेवढ्यात पन्नास ते पासष्ट मीटर येते. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब शहरात साधारण पंचवीस-तीस मीटरवर असतात, तेव्हा खांब मोजा. निदान तीन खांबांच्या आत एकही दुचाकी नसेल तरच वळा. “जाईल का आपली?” हा प्रश्न मनात आला असेल, तर थांबायचं. आणि थांबताना नाक आत घालून ठेवू नका. तुमचं बोनेट हातभर पुढे आलेलं पाहून समोरच्याला कळत नाही, की तुम्ही थांबला आहात की निघाला आहात. त्या शंकेपोटी तो जोरात ब्रेक दाबतो आणि तिथेच घसरतो.

परदेशातल्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार येते: तिथे मोटरसायकल क्वचित दिसते, म्हणून डोळा तिला शोधत नाही. पुण्या-नाशकात, कोल्हापूर-संभाजीनगरात हे लागू कसं होईल? इथे तर दुचाक्यांचा पूर असतो. पुण्यात नुसतं ‘गाडी’ म्हटलं तरी टू-व्हीलर समजतात, कारला वेगळं ‘फोर-व्हीलर’ म्हणावं लागतं. मला वाटतं, आपला आजार उलटा आहे. आपल्याला इतक्या दुचाक्या दिसतात की एकेक दिसेनाशी होते. सिग्नलला काचेबाहेर घोळका असतो. दोन गेल्या, चार गेल्या, की पाय आपोआप अॅक्सिलरेटरवर जातो, आणि पाचवी असते. ती रिक्षाच्या आड होती, किंवा त्या चारांच्या मागेच थोडी लांब. घोळका गेला की त्याच्या शेपटाला कोण आहे ते पाहायचं आणि मगच निघायचं. दुचाकीवाल्यांना शिव्या घालणाऱ्या कारवाल्यांपैकी बहुतेकजण एकेकाळी लूना, चेतक किंवा अॅक्टिव्हावरच होते. बाजूने एखादी कार वीतभर अंतर ठेवून सणकन गेली की पोटात कसा गोळा येतो, हे त्यांच्या अंगाला ठाऊक आहे. काच वर करून एसी लावला, की अंग ते विसरतं.

आरशांबद्दल थोडक्यात, पण हे आजच करा. बहुतेकांच्या बाजूच्या आरशात निम्मी जागा स्वतःच्याच गाडीच्या दारांनी व्यापलेली असते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोकं उजव्या काचेला टेकवा आणि स्वतःच्या गाडीची बाजू जेमतेम दिसेनाशी होईल इतका उजवा आरसा बाहेर फिरवा. मग डोकं दोन सीटच्या मधोमध, गिअरच्या दांडीच्या वर आणा आणि डाव्या आरशाचं तसंच करा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसत नाही म्हणून पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटेल. पण आतल्या आरशातून बाहेर गेलेली मोटरसायकल लगेच बाजूच्या आरशात उगवायला लागेल. डावा आरसा बहिर्गोल असतो, त्यात वस्तू लांब आणि लहान दिसते. तिथे दूर वाटणारी स्कूटर दाराला लागलेली असू शकते. अरुंद गल्लीत मिटलेला आरसा मुख्य रस्त्याला लागल्यावर उघडायला कितीजण विसरतात, हे कुठल्याही सिग्नलला मोजून पाहा. डावीकडून दुचाकीवाल्याने घुसू नये हे मान्य. पण तो घुसतो, हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा डावीकडे वळताना इंडिकेटर वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधी द्या, आरसा पाहा, खांद्यावरून मागे पाहा, मग वळा. आणि पुढे जाणाऱ्या स्कूटरला ओलांडून लगेच तिच्यापुढून डावीकडे वळणं, हा प्रकार तर बंदच करा. तिच्या मागे राहून वळलात तर चार सेकंद जातील.

‘मधे आला’ याचा दुसरा अर्थ म्हणजे आपल्या पुढे सरळ चाललेला माणूस अचानक आडवा सरकला. इथे दुचाकीवरून रस्ता कसा दिसतो ते कळलं, की अचानकपणा निघून जातो. मोटरसायकलचा रस्त्याशी संबंध येतो तो दोन तळहातांएवढ्या रबरापुरता. कारचं चाक ज्या खड्ड्यातून धाडकन निघून जातं, तिथे त्याचं पुढचं चाक वळतं आणि तो पडतो. म्हणून तो चेंबरचं झाकण टाळतो. पावसात झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि उड्डाणपुलाच्या सांध्यातल्या लोखंडी पट्टीवर ब्रेक लावत नाही. पेव्हर ब्लॉक खचले असतील तिथून बाजूला होतो. वळणावर सांडलेली बारीक खडी, डिझेलचा ओघळ, ऊसतोडणीच्या दिवसांत शेतातून रस्त्यावर आलेला चिखल आणि पाचट, हे त्याच्या नजरेला तुमच्या आधी दिसतं. तुम्हीही रस्त्याकडे त्याच्या चाकाच्या हिशेबाने पाहायला लागा. पुढे खड्डा दिसला आणि खड्ड्याच्या रांगेत स्कूटर असली, तर ती उजवीकडे येणार हे आधीच धरा आणि तेवढी जागा सोडा. बस थांब्यावर बस थांबली की तिच्या मागची प्रत्येक दुचाकी बाहेर येणार. रिक्षाने हात दाखवला की तसंच.

त्याचे इशारेही कारसारखे नसतात. नुसता अॅक्सिलरेटर सोडून किंवा गिअर खाली टाकून मोटरसायकल चांगलीच मंदावते, आणि त्यात मागचा लाल दिवा पेटत नाही. त्याच्या ब्रेक लाइटवर विसंबून मागे चिकटलात, तर एक-दोन सेकंद तुम्हाला पत्ताच लागणार नाही. उलट इंडिकेटर चालू दिसला म्हणून तो वळणारच, असंही नाही, कारण बहुतेक दुचाक्यांचा इंडिकेटर वळण संपल्यावर आपोआप बंद होत नाही. डोकं कुठे वळलं ते पाहा. वळणारा माणूस आधी मान वळवतो, खांदा सैल सोडतो, मग गाडी कलते. अंतर मोजायला सोपी रीत आहे. तो एखादा खांब ओलांडेल तेव्हा ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असं मनात म्हणा. तीन संपायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा. पुढची कार ठोकली तर पत्रा चेपतो. पुढचा मोटरसायकलवाला पडला, तर तुमच्या चाकांसमोर त्याचं अंग असतं.

ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ होतं तो प्रकार शहरात नाही, दोन पदरी राज्य मार्गावर आणि तालुक्याच्या रस्त्यावर घडतो. तिथे डिव्हायडर नसतो. डांबराची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना मुरमाच्या साईडपट्ट्या. कार पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला उजवीकडे येते. समोरून मोटरसायकल येते आहे हे कारवाल्याला स्वच्छ दिसतं. तो डिपर मारतो. त्याचा अर्थ दोघांनाही कळतो: तू खाली उतर. समोरून ट्रक येत असता, तर हीच कार मुकाट मागे सरकली असती. मोटरसायकल मात्र खाली उतरेल, हे आपण गृहीत धरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती उतरतेही.

उतरताना काय होतं ते जवळून पाहा. डांबराच्या थरांवर थर चढत गेले आणि साईडपट्टी भरली नाही, की कडेला चार-सहा बोटांची उभी पायरी तयार होते. ताशी ५० च्या वेगात पुढचं चाक त्या पायरीवरून खाली आदळतं. खाली मुरूम सैल, पावसाळ्यात तर चिखल. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं, आणि न दाबावा तर समोर मैलाचा दगड, बाभळीचं खोड नाहीतर मोरीचा कठडा असतो. त्यातून सावरून तो पुन्हा डांबरावर यायला पाहतो, तेव्हा चाक त्या पायरीला समांतर घासत राहतं, वर चढत नाही, आणि हँडल हिसकलं जातं. मागे एका बाजूला पाय सोडून साडीतली बाई बसलेली असते, टाकीवर मूल असतं, किंवा दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकत असतात. कार तोवर शंभर मीटर पुढे गेलेली असते. धक्का लागलेला नसतो, पत्र्यावर ओरखडा नसतो, आणि आपण कुणाला पाडलं हे कारवाल्याला आयुष्यभर कळत नाही. पोलिसांकडे त्याची नोंद ‘गाडी घसरून’ अशी होण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून ओव्हरटेकचा नियम एवढाच ठेवा: समोरून येणाऱ्या मोटरसायकलच्या जागी भरलेला ट्रक आहे असं समजा. ट्रक असता तर मी आत्ता बाहेर निघालो असतो का? नसतो, तर आताही निघायचं नाही. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, त्यांना ओलांडायला लागणारी जागा वाटते त्याच्या दुप्पट असते. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसामागे पुढचा रस्ताही दिसत नाही. दुचाकीला ओलांडताना बाजूने दीड मीटर सोडा, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. पुढे जाऊन ती आतल्या आरशात पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे येऊ नका. डबक्यातून जाताना वेग कमी करा. तुमच्या चाकाचं पाणी थेट त्याच्या तोंडावर जातं, आणि हेल्मेटच्या काचेला वायपर नसतो.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. तिथून तास-दोन तास शंभरच्या आसपास गाडी हाकून खाली उतरलं, की डोळा त्या वेगाला सरावलेला असतो. साठ म्हणजे रांगणं वाटतं. तळेगावला किंवा किवळ्याला उतरल्यावर पहिली दहा मिनिटं मीटरवरचा आकडा पाहत गाडी चालवा, अंदाजाने नको. कारण तिथून पुढे पुन्हा एमआयडीसीच्या पाळीला निघालेला कामगार आहे, क्लासला निघालेली मुलगी आहे, आणि गेल्या दोन तासांत तुमच्या डोळ्याला एकही दुचाकी दिसलेली नाही.

घाटाचं वेगळं आहे. ताम्हिणी, माळशेज, वरंध, पावसाळी शनिवार-रविवार. मोटरसायकल वळणावर कलते, तेव्हा तिची चाकं पांढऱ्या रेषेच्या आत असली तरी चालवणाऱ्याचं डोकं आणि खांदा रेषेबाहेर आलेले असू शकतात. वळण कापून आतून येणाऱ्या कारचा आरसा त्या उंचीला असतो. घाटात आपली डावी बाजू सोडू नका, आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, आणि धुक्यात पार्किंगचे दिवे न लावता डिपवर हेडलाइट लावा.

रात्रीचा विषय मोठा आहे, पण कारवाल्याच्या हातातलं थोडंच सांगतो. समोर दुचाकी दिसली की अप्पर खाली करा, ती बाजूने जाईपर्यंत. हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे असतात, तुमचा दिवा त्यांवर फुटून अख्खी काच पांढरी होते आणि काही क्षण त्याला रस्त्याची कडही दिसत नाही. तुमच्या गाडीचा एक दिवा गेला असेल तर तो त्याच दिवशी बदला, कारण एका दिव्याची कार समोरच्याला मोटरसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिवे पडतात का पाहिलं की काम झालं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो आणि बंद करता येत नाही. दिवसा दिवा पाहून “लाइट चालू आहे” असं बोटांनी खुणावणारे अजून भेटतात. खुणावू नका, तो तुमच्यासाठीच लावलेला आहे. मात्र त्यावर पूर्ण विसंबूही नका. सकाळी पूर्वेकडे तोंड करून जाताना सूर्य समोर असतो आणि त्या झळाळीत दिवा विरघळतो. २०१७ आधीच्या जुन्या स्कूटरी दिव्याविना फिरतातच. आणि इलेक्ट्रिक स्कूटर आवाज करत नाही, त्यामुळे कानाची मदत गेली.

राहिलं दार. उभ्या कारचं दार उघडलं की जवळपास मीटरभर रस्त्यात येतं, आणि त्याची कड दुचाकीवाल्याच्या हाताच्या, गुडघ्याच्या उंचीला असते. सवय एकच बदलायची: दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. ड्रायव्हर उजव्या दाराशी बसतो, त्याने डाव्या हाताने. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून हे लिहिलेलं आहे. मागच्या उजव्या दाराचा चाइल्ड लॉक, म्हणजे दाराच्या कडेवरचा तो छोटा खटका, कायमचा लावून ठेवा, म्हणजे मागची मंडळी डावीकडूनच उतरतील. डावीकडूनही सायकल येऊ शकते, तेव्हा आजी-आजोबांना, मुलांना सांगून ठेवा: “थांबा, मी बघतो, मग उघडा.” टॅक्सीतून उतरतानाही हेच.

आणि एक काम कुठल्याही रविवारी सकाळी सोसायटीच्या मोकळ्या आवारात करता येतं. इंजिन बंद, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर. घरातल्या कुणाला तरी स्कूटर हाताने ढकलत वीसेक पावलं पुढे, उजवीकडे न्यायला सांगा. सरळ बसा, डोकं हलवू नका आणि त्यांना हळूहळू सरकू द्या. एक जागा येईल जिथे स्कूटरही नाही आणि माणूसही नाही, नुसती भिंत आणि झाड. तिथे थांबायला सांगा. खडूने जमिनीवर खूण करून घ्या. मग पुढे वाका, डोकं थोडं डावीकडे न्या. आधी हँडलचं टोक येईल, मग हात, मग चेहरा. पुन्हा मागे टेका, आणि तो चेहरा जाईल. हे चार-पाच वेळा करा, दोन्ही खांबांसाठी, मग आरशांसाठी. घरात गाडी चालवणारे जितके आहेत तितक्यांना एकेक करून त्या सीटवर बसवा. प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे प्रत्येकाची खूण वेगळ्या जागी पडेल.